चौकटीचा ताठपणा : शर्यतीसाठी सिद्ध केलेल्या जुन्या मोटारसायकलीच्या निमित्ताने

‘मजबूत’ हे विशेषण मराठीत जितके सैल हाताने वापरले जाते तितके दुसरे क्वचितच वापरले जात असेल. दोर मजबूत असतो, पूल मजबूत असतो, पहिलवानाचा बांधा मजबूत असतो आणि एखाद्याची साक्षही मजबूत असते. रोजच्या व्यवहारात या सैलपणाने काही बिघडत नाही, कारण ऐकणारा संदर्भावरून अर्थ लावून घेतो. परंतु जेथे शब्द ऐकून लगेच लोखंड कापले आणि जोडले जाते, तेथे ही सवलत राहत नाही. जुन्या मोटारसायकलीचा मालक ती शर्यतीसाठी तयार करावयास घेतो. वेगात वळण घेताना गाडी डोलते अशी त्याची तक्रार असते, म्हणून तो झाळकाम करणाऱ्याला ‘चासी मजबूत करून दे’ असे सांगतो. झाळकाम करणारा प्रामाणिकपणे नळ्यांवर जाड पत्र्याच्या पट्ट्या बसवितो. वजन दोन-तीन किलोंनी वाढते, गाडी पूर्वीइतकीच डोलते, आणि काही महिन्यांनी एका पट्टीच्या टोकाशी नळीला बारीक तडा दिसू लागतो. मालकाला हवा होता ताठपणा. त्याने शब्द वापरला मजबुतीचा. आणि हाती आले ते या दोहोंपैकी काहीच नव्हे. शर्यतीच्या वेगात अशा तड्याची किंमत स्वाराला शरीराने मोजावी लागते. या गोंधळाचे मूळ भाषेत किती आणि यंत्रशास्त्रात किती, हे पाहणे म्हणूनच केवळ कोशकाराच्या कुतूहलाचा विषय राहत नाही.

हा विषय भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात मांडावा असे वाटण्याजोगी कारणे आहेत. मोटारसायकलींच्या शर्यतींसाठी बांधलेला डांबरी मार्ग या जिल्ह्यात नाही. असे मार्ग भारतातच मोजके असून ते चेन्नईजवळ, कोइमतूरला आणि दिल्लीनजीक आहेत. झाडीपट्टीत ‘शर्यत’ म्हटले की प्रथम शंकरपटच आठवतो. बैलांच्या शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बंदी घातली, १६ डिसेंबर २०२१ रोजी महाराष्ट्रात त्यांना अटींसह परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. तेव्हापासून पट पुन्हा भरू लागले आहेत. पटाचा छकडा हलका हवा आणि तरीही तो धावताना तिरपा होऊ नये, ही गरज मोटारसायकलीच्या चौकटीच्या गरजेहून फार दूरची नाही. शिवाय पितळकाम, मँगनीजच्या खाणी, मिश्रपोलाद, बांबू आणि कवेलूंच्या छपराखालील सुतारकाम या साऱ्या गोष्टी या एका जिल्ह्यात एकत्र आढळतात, आणि चौकटीचा ताठपणा समजून घेण्यास लागणारे बहुतेक अनुभव व बरेचसे शब्द त्यांतूनच मिळतात.

प्रथम संज्ञांचा निवाडा केला पाहिजे. एखाद्या वस्तूवर भार ठेवला असता तिचा आकार किती बदलतो, यावर तिचा ताठपणा ठरतो. बदल थोडा असेल तर वस्तू ताठ, जास्त असेल तर लवचीक. ती वस्तू कायमची वाकेपर्यंत किंवा मोडेपर्यंत किती भार सोसते, यावर तिची मजबुती ठरते. मोडण्यापूर्वी ती किती ऊर्जा पचविते, म्हणजे धक्का बसला असता तडकते की दबून सावरते, यावर तिचा चिवटपणा ठरतो. घरातील कवेलू ताठ आहे, परंतु मजबूत नाही आणि चिवट तर मुळीच नाही. वेताची काठी मजबूत व चिवट आहे, परंतु ताठ नाही. बोलीला हा भेद कळत नाही असे नव्हे. ‘ताठ’, ‘टणक’, ‘चिवट’, ‘ठिसूळ’, ‘लवचीक’ हे सारे शब्द भाषेत जिवंत आहेत. अडचण एवढीच की गॅरेजच्या उंबरठ्यावर त्यांना बाहेर ठेवून ‘मजबूत’ एकटाच आत शिरतो.

आता चौकटीचे काम कोणते, ते पाहू गेल्यास असे दिसते की इंजिन व स्वार यांचे वजन उचलणे हा त्या कामाचा सोपा भाग आहे. बहुतेक जुन्या चौकटी तो सहज पार पाडतात. अवघड भाग निराळा आहे. चौकटीच्या पुढच्या टोकाला एक आखूड, कललेली नळी असते. तिच्यात कोनसेट बसतो आणि तिच्यातून फोर्कचा दांडा फिरतो. पुढील विवेचनात तिला शिरोनळी म्हटले आहे. मागच्या बाजूला, इंजिनाच्या पाठीशी, एक आडवी खीळ असते. मागचे चाक धरणारा दुबेळक्याच्या आकाराचा भाग तिच्यावर वरखाली होतो. इंग्रजीत त्याला ‘स्विंग आर्म’ म्हणत असले तरी भारतीय गॅरेजांनी त्याचे नाव ‘चिमटा’ असे ठेवले आहे, आणि ते मूळ नावापेक्षा अधिक चित्रदर्शी आहे. शिरोनळी आणि चिमट्याची खीळ यांचे परस्परांशी असलेले नाते कोणत्याही परिस्थितीत बदलू न देणे, हे चौकटीचे खरे काम होय. गाडी वळणात कलली की पुढच्या चाकाला जमिनीकडून एक रेटा बसतो, मागच्या चाकाला दुसरा. या दोन रेट्यांनी चौकटीला पीळ पडतो. चौकट पिळली गेली की दोन्ही चाके एका प्रतलात राहत नाहीत. स्वाराने हँडल हलविलेले नसतानाही पुढचे चाक किंचित दुसऱ्या दिशेला पाहू लागते. चौकट पुन्हा सरळ होताना आपल्या जागेच्या पलीकडे जाते, तेथून परत येते, आणि अशा रीतीने एक डोलणे सुरू होते. संपूर्ण गाडीचे हे संथ डोलणे सेकंदाला साधारणतः दोन ते चार वेळा होते. केवळ हँडलाची थरथर याहून पुष्कळच जलद असते. दोन्हींची कारणे काही अंशी भिन्न असल्यामुळे, स्वाराने ‘गाडी हलते’ असे मोघम न सांगता ‘डोलते’ की ‘थरथरते’ हे सांगणे निदानाच्या दृष्टीने फार उपयोगी पडते.

जुन्या गाड्यांत हा दोष अधिक का असतो, याचे उत्तर त्यांच्या वंशावळीत आहे. आरंभीच्या मोटारसायकलीची चौकट ही सायकलीच्या चौकटीचीच थोरली बहीण होती. सायकलीला लागणारा जोर माणसाच्या पायांचा. त्यामुळे एक वरची नळी, एक पुढची उतरती नळी व एक बैठकीची नळी एवढ्यावर तिचे भागत असे. भारतात दीर्घकाळ चाललेल्या बुलेटमध्येही हा वारसा दिसतो. १९५५ साली मद्रास येथे एन्फील्ड इंडिया ही संस्था स्थापन झाल्यानंतर ही गाडी येथे तयार होऊ लागली. तिच्या पारंपरिक चौकटीत पुढची एकच नळी खाली उतरून इंजिनापाशी संपते. बैठकीची नळी गिअरपेटीच्या मागे संपते. आणि या दोहोंमधील रिकाम्या जागेचा पूल इंजिनाचे ओतीव कवच स्वतःच बांधते. म्हणजे तेथे इंजिन हे ओझे नसून चौकटीचा अवयव आहे. १९६०च्या सुमारास म्हैसूर येथे उभ्या राहिलेल्या आयडियल जावा कंपनीच्या गाड्यांची घडण वेगळी. त्यांच्या चौकटीत चौकोनी छेदाच्या नळ्या वापरल्या जात व त्या इंजिनाला खालून पाळण्यासारख्या कवेत घेत. तो कारखाना १९९६ साली बंद पडला, तरी जावा आणि येझदी जपणारे लोक महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. ज्या गाडीची चौकट इंजिनावर विसंबून आहे तिला ताठ करण्याचा मार्ग आणि पाळण्याच्या चौकटीचा मार्ग एक असू शकत नाही, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

ताठपणा आकारातून कसा येतो, हे सुताराला कोणी शिकवावे लागत नाही. चार लाकडी पट्ट्या चार खिळ्यांनी जोडून चौकोन केला आणि एका कोपऱ्याला ढकलले, तर तो चौकोन तिरपा होतो. पट्ट्या कितीही जाड असल्या तरी होतो, कारण कोन बदलताना पट्टीला वाकावेच लागत नाही. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत पाचवी तिरपी पट्टी मारली की चौकोनाचे दोन त्रिकोण होतात आणि हालचाल थांबते. त्रिकोणाचा कोन बदलण्यासाठी त्याची एखादी बाजू लांब किंवा आखूड व्हावी लागते, आणि लाकूड असो वा लोखंड, लांबीच्या दिशेने ताणले किंवा दाबले असता ते फारच थोडे हलते. कवेलूंच्या छपराखाली सुतार जी त्रिकोणी जुळणी उभी करतो तिला तो ‘कैची’ म्हणतो. यंत्रशास्त्राच्या मराठी लेखनात ‘त्रिकोणीकरण’ असा बोजड शब्द घडविण्याची काही आवश्यकता नाही. ‘कैची भरणे’ हा प्रयोग अर्थाने अचूक आहे आणि तो ऐकून कारागिराचा हात योग्य जागी जातो. शिरोनळीच्या खालच्या टोकापासून वरच्या नळीच्या मध्याकडे जाणारी एक बारीक नळी बसविणे म्हणजे चौकटीच्या मानेत कैची भरणेच होय. तेथे लावलेल्या पाव किलोच्या नळीने जे साधते, ते वरच्या नळीला लांबीभर चिकटविलेल्या दोन किलोंच्या पट्टीने साधत नाही.

पिळाची गोष्ट मात्र थोडी निराळी असून ती बुरुडाला अधिक समजेल. अखंड बांबूची कांडी दोन्ही हातांत धरून पिळण्याचा प्रयत्न केला तर ती दाद देत नाही. त्याच कांडीला लांबीभर एक चीर दिली, तर तिच्यातील पदार्थ जवळजवळ तेवढाच राहूनही ती पिळाला सहज वश होते. अखंड नळीत पिळाचा ताण वर्तुळाकार फिरून स्वतःला मिळतो. चिरलेल्या नळीत त्याला परतण्याचा मार्गच उरत नाही. गणिताने हा फरक किती पडतो हे पाहण्यासारखे आहे. सव्वा इंच व्यासाची आणि सुमारे १.६ मिलिमीटर जाड भिंतीची पोलादी नळी घेतली, तर चीर दिल्याने तिचा पिळाविरुद्धचा ताठपणा सुमारे अडीचशेपट घटतो. तिची सरळ ताण सोसण्याची मजबुती मात्र जवळपास तशीच राहते. ताठपणा व मजबुती या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत याचा याहून स्पष्ट पुरावा शोधण्याची गरज नाही. उघड्या पन्हाळीसारख्या पत्र्याने चौकट ताठ करू पाहणाऱ्यांचे श्रम वाया का जातात, हेही यावरून उमजते; तीच पट्टी दोन्ही कडांनी नळीला मिळवून बंद पेटी केली असती, तर तिने काम दिले असते.

नळीच्या व्यासाचा नियमही असाच बोलका आहे. पातळ भिंतीच्या नळीचा व्यास दुप्पट केला आणि भिंतीची जाडी निम्मी केली, तर वजन तेवढेच राहते, मजबुती सुमारे दुप्पट होते आणि ताठपणा चौपट होतो. परंतु भिंत फार पातळ झाली की ती खोलगट दबते, दुमडते, दगड लागून पोचते; म्हणून या लाभालाही एक सीमा आहे.

येथे आणखी एका समजुतीचा विचार करणे प्राप्त आहे. ‘भारी’ पोलाद वापरले की चौकट ताठ होते, असे सामान्यतः मानले जाते. वस्तुस्थिती अशी की साधे सौम्य पोलाद असो वा महागडे मिश्रपोलाद, त्यांचा स्थितिस्थापकता गुणांक जवळपास एकच, म्हणजे सुमारे २०० गिगापास्कल असतो. सारख्याच मापाच्या दोन नळ्या, एक साध्या व दुसरी मिश्रपोलादाची, सारख्याच भाराखाली सारख्याच लवतील. फरक पडतो तो मजबुतीत. मिश्रपोलादाची नळी अधिक भाराखालीही कायमची वाकत नाही, आणि त्यामुळे तिची भिंत पातळ व व्यास मोठा ठेवण्याची मुभा मिळते. म्हणजे ‘भारी’ पोलाद ताठपणा थेट देत नाही. तो मिळविण्याजोगा आकार परवडण्यासारखा करते. इंग्लंडमधील रेनॉल्ड्स कंपनीने १९३५ साली बाजारात आणलेली ‘५३१’ ही प्रसिद्ध नळी मँगनीज व मॉलिब्डेनम यांच्या मिश्रपोलादाची होती. मँगनीज या धातूशी भंडारा जिल्ह्याचा संबंध जुना आहे. तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील खाणी या देशातील महत्त्वाच्या मँगनीज खाणींपैकी असून, १९६२ साली स्थापन झालेल्या व आता ‘मॉइल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीकडे त्या आहेत. भंडाऱ्याजवळ वरठी येथील सनफ्लॅग कारखान्यात वाहनांच्या भागांसाठी मिश्रपोलाद तयार होते, आणि लाखनीच्या बाजूला गडेगाव येथे अशोक लेलँडचा कारखाना आहे. ताठपणाचा प्रश्न धातूच्या उपलब्धतेचा नसून आकाराच्या समजुतीचा आहे, हे ज्या जिल्ह्यात धातू भरपूर आहे तेथेच अधिक ठळकपणे लक्षात येते.

चौकटीच्या इतिहासातील निर्णायक वळण १९५० साली आले. नॉर्टन कंपनीच्या शर्यतीच्या गाड्या तोपर्यंत जुन्या धर्तीच्या चौकटीवर धावत होत्या. त्या चौकटींची मागची आधारव्यवस्था बागेच्या फाटकासारखी दिसे, म्हणून लोकांनी त्यांना तेच नाव दिले होते. बेलफास्ट येथील रेक्स मॅकँडलेस याने नॉर्टनसाठी नवी चौकट रचली. दोन अखंड वळविलेल्या नळ्यांचे दोन मोठे फेरे इंजिनाच्या दोन्ही अंगांनी जातात आणि शिरोनळीपाशी एकमेकांना ओलांडून तिला वर व खाली अशा दोन ठिकाणी धरतात, अशी ती रचना होती. हॅरॉल्ड डॅनिएल या स्वाराने तिला पिसांच्या बिछान्याची उपमा दिली असे सांगतात, आणि ‘फेदरबेड’ हे नाव तेव्हापासून रूढ झाले. तिच्यावर स्वार होऊन जेफ ड्यूक याने १९५० साली आइल ऑफ मॅन येथील सीनियर टीटी ही शर्यत जिंकली, आणि पुढच्या वर्षी ३५० व ५०० या दोन्ही वर्गांचे जागतिक विजेतेपद मिळविले. मौज अशी की या चौकटीत शुद्ध कैच्या फारशा नाहीत. तिचा ताठपणा नळ्यांमधील रुंद अंतरातून आणि शिरोनळीवरील पक्क्या पकडीतून येतो; शिवाय इंजिनाच्या माथ्यापासून शिरोनळीकडे जाणारा एक आधारही तिला साहाय्य करतो. तिची तारीफ ताठपणासाठी झाली आणि तिचे नाव मात्र मऊपणावरून पडले, हा भाषेचा एक खेळच म्हणावयाचा.

दुसरा खेळ तिच्या सांध्यांत आहे. शर्यतीच्या फेदरबेड चौकटी ५३१ नळीच्या असत आणि त्यांचे सांधे ‘सिफब्राँझ’ नावाच्या भरणधातूने जोडलेले असत. नावात ‘ब्राँझ’ म्हणजे कांस्य आहे. परंतु कांस्य हे तांबे व कथिल यांचे, आणि हा भरणधातू तर मुख्यतः तांबे व जस्त यांचा. म्हणजे नाव काहीही असले तरी ते पितळच होय. भंडाऱ्याच्या वाचकाला हे वाचून थोडे हसू यावे. हे शहर पितळेच्या भांड्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या ओळखले गेले, आणि ‘भाणे’ म्हणजे ताट यावरून ‘भाणारा’ व पुढे ‘भंडारा’ अशी त्याच्या नावाची व्युत्पत्तीही सांगितली जाते. ही व्युत्पत्ती ग्राह्य धरावी की तीत लोकव्युत्पत्तीचा भाग अधिक आहे, हा स्वतंत्र चर्चेचा विषय. व्यवसाय मात्र निर्विवाद आहे. पितळेचा कीस आणि टाकणखार घेऊन सांधा झाळण्याची कासार-तांबटांची रीत आणि चौकटीची पितळी झाळ यांमागील तत्त्व एकच आहे. पोलाद वितळण्यास सुमारे १५०० अंश सेल्सियस उष्णता लागते, तर असे पितळ सुमारे ९०० अंशांना वितळते. त्यामुळे नळी स्वतः न वितळता जोडली जाते, पातळ भिंतीला भोक पडत नाही, आणि सांध्याभोवती भरणाचा एक गुळगुळीत, क्रमाने उतरणारा काठ तयार होतो. विजेच्या झाळीने हेच काम अधिक जलद होते, परंतु पातळ मिश्रपोलादावर ती कुशल हातांतच शोभते. एक सावधगिरी मात्र सांगितलीच पाहिजे : ज्या सांध्यात पितळ एकदा शिरले आहे तेथे पुढे विजेची झाळ देऊ नये. उरलेले पितळ वितळलेल्या पोलादात मिसळते आणि सांधा थंड होतानाच तडकतो.

या सगळ्या विवेचनाचा प्रत्यक्ष कामाशी संबंध लावताना क्रमाला फार महत्त्व आहे, आणि हा क्रम बहुधा उलटा पाळला जातो. डोलणाऱ्या जुन्या गाडीची चौकट दोषी ठरविण्यापूर्वी तिच्यातील ‘प्ले’ काढला पाहिजे. हा शब्द गॅरेजांनी इंग्रजीतून घेतला व नेमक्या अर्थाने वापरला : भागांमधील झिजून पडलेली ढिलाई. लवचीकपणा आणि प्ले यांत भेद असा की लवचीक भाग पहिल्या भारापासून विरोध करतो; प्ले असलेला भाग आधी मोकळा सरकतो व मग विरोध करतो. चिमट्याचे झिजलेले बुश, ढिला कोनसेट, चाकाच्या सैल तारा, फोर्कमधील झीज यांतले काहीही असले तरी स्वाराला जाणवते ते डोलणेच. नवे बुश बसवून जे काम काही शे रुपयांत होते ते न करता चौकट कापणे हा अविचार होय. यानंतर चौकट मुळात सरळ आहे की एखाद्या जुन्या अपघाताने वाकलेली आहे, हे दोरी व ओळंब्याने पाहावे. वाकडी चौकट ताठ केली तर तिचा वाकडेपणाच काय तो कायम होतो.

तिसरी पायरी मोजण्याची. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. रिकामी चौकट चिमट्याच्या खिळीजवळ जड मेजाला पक्की जखडावी; शिरोनळीत एक आडवी पहार बसवावी; आणि शिरोनळीचे टोक अशा टेकूवर ठेवावे की ते फिरू शकेल, पण खाली जाऊ शकणार नाही. पहारीवर मध्यापासून १ मीटर अंतरावर २० किलो वजन टांगले की सुमारे १९६ न्यूटन-मीटर पीळ मिळतो. शिरोनळीला जोडलेल्या १ मीटर लांबीच्या हलक्या काट्याचे टोक किती सरकले ते पट्टीवर वाचावे. एक अंश पीळ म्हणजे टोकाशी सुमारे साडेसतरा मिलिमीटर. टोक ७ मिलिमीटर सरकले तर पीळ ०.४ अंश झाला, म्हणजे त्या चौकटीचा ताठपणा अंशामागे सुमारे ४९० न्यूटन-मीटर ठरला. त्यानंतर इंजिन जागेवर बसवून, बोल्ट आवळून, हाच प्रयोग पुन्हा करावा. बुलेटसारख्या गाडीत या दोन आकड्यांतील तफावत पाहिली की इंजिनाच्या पट्ट्या आणि बोल्ट यांचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. बोल्टाच्या भोकात अर्धा मिलिमीटर मोकळीक असेल, तर इंजिनरूपी पूल असूनही नसल्यासारखाच. म्हणून अशा गाडीत पहिली खरी सुधारणा चौकटीवर नव्हे, तर इंजिनाच्या पट्ट्यांवर होते : भोके घट्ट बसतील अशी, पट्ट्या किंचित जाड, आणि इंजिनाच्या माथ्यापासून वरच्या नळीपर्यंत एक पक्का आधार. हे सारे बोल्टांनी होते. कापावे लागत नाही, जाळावे लागत नाही.

यानंतरही आकडा समाधानकारक नसेल, तर शिरोनळीजवळ कैची भरण्याचा, चिमट्याच्या खिळीभोवतीचा भाग दोन्ही बाजूंनी बांधून घेण्याचा आणि अखेरीस चिमट्याच्या दोन भुजांमध्ये आडवी जोड देण्याचा विचार करावा. येथे हात राखून काम करणारा कारागीर आणि उत्साही कारागीर यांत फरक दिसतो. शिरोनळीच्या कोनात बसविलेली त्रिकोणी पट्टी जर एकदम संपत असेल, तर तिच्या टोकाशी ताठ भाग व लवचीक भाग यांची अकस्मात गाठ पडते. सगळा ताण तेथे गोळा होतो आणि एका सिलिंडरच्या इंजिनाची अखंड थरथर त्या जागेला दर मिनिटाला हजारो वेळा छेडत राहते. प्रारंभी उल्लेखिलेला तडा नेमका येथेच जन्मतो. म्हणून पट्टीचे टोक माशाच्या शेपटीसारखे दुभंगून निमुळते करतात, झाळ नळीला आडवी न देता लांबीच्या दिशेने देतात, आणि पट्टी नळीहून जाड घेत नाहीत. चिमट्याच्या खिळीजवळ हीच काळजी दुप्पट घ्यावी लागते, कारण साखळीची ओढ तेथे एकाच बाजूने येत असते.

ताठपणा जितका अधिक तितका चांगला, असेही नाही. गाडी वळणात खूप कललेली असताना रस्त्यावरचा उंचवटा तिला जवळजवळ बाजूने धक्का देतो, आणि शॉकअप तर तिच्या उभ्या प्रतलातच हालचाल करतात. त्या क्षणी चौकटीतील थोडी आडवी लवच हीच टायरला रस्त्याशी धरून ठेवते. शर्यतीच्या आधुनिक गाड्यांचे रचनाकार म्हणूनच पिळाविरुद्धचा ताठपणा शक्य तितका वाढवितात, परंतु आडवी लवच जाणीवपूर्वक राखतात. जुन्या गाडीला या शेवटच्या टप्प्यापर्यंत पोचण्याचा प्रसंग सहसा येत नाही. तिच्या अरुंद टायरांची पकड सुटण्याइतका वेग आणि कल साधला की ती स्वतःच आपली मर्यादा सांगते. मात्र जुन्या चौकटीवर आजचे रुंद व चिकट टायर चढविले की हा हिशेब पालटतो, कारण चौकटीच्या रचनाकाराने कल्पिलेही नव्हते असे भार तिच्यात शिरू लागतात. अनेक ठिकाणी ‘चौकट कमजोर आहे’ या तक्रारीमागे खरे कारण टायरांचे असते.

राहता राहिला जुनेपणाचा प्रश्न. १९५०-६० या दशकांतील गाडी ही आज एक ऐतिहासिक वस्तूही आहे. बोल्टांनी बसविलेला आधार उद्या काढून ठेवता येतो. झाळलेली कैची काढताना नळीचा काही भाग तरी जातोच. कायद्याचीही एक बाजू आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा फेरबदल वाहनात करता येत नाही. तेव्हा रस्त्यावर चालणारी गाडी आणि शर्यतीची गाडी या दोन वेगळ्या ठेवणे इष्ट. ज्यांना हे परवडते ते मूळ चौकट जपून ठेवतात आणि शर्यतीसाठी दुसरी, क्रमांकाची किंमत नसलेली चौकट शोधून तिच्यावर काम करतात. ज्यांच्यापाशी एकच चौकट आहे त्यांनी निदान एवढे तरी करावे की काम सुरू होण्यापूर्वी तिच्यावर ठोकलेला क्रमांक नेमका कोठे आहे हे पाहून तेथे खडूने खूण करावी, त्याचे छायाचित्र घ्यावे, आणि कानस किंवा ज्योत त्या खुणेपासून दूर ठेवण्याची सूचना झाळकाम करणाऱ्यास त्याच्याच शब्दांत द्यावी.